वासाचा नळ

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नाकाने नकटे. लग्नाच्या फोटोत तर ते नाक शोधावं लागतं. मी घरात धाकटी. त्यामुळे पहिल्याच भेटीत त्यांनी मला ऐकवलं होतं, "नकटं व्हावं, पण धाकटं होऊ नये." ही म्हण स्वतःच्या तोंडाने म्हणणारा नकटा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिथून आमची जी जुंपली ती आजवर. आणि गंमत अशी, की या माणसाला त्यांच्या कामाच्या ठिकाणी सगळे 'नाकसाहेब' म्हणायचे.

हे कामाचं ठिकाण म्हणजे ट्रक-बसच्या इंजिनांची प्रयोगशाळा. पुढे मीही तिथेच लागले, म्हणून हे सगळं मला घरूनही दिसलं आणि कामावरूनही. तिथे गाडी नसते, नुसतं इंजिन असतं. जाड काचेपलीकडच्या खोलीत लोखंडी पायावर ते घट्ट बांधून ठेवलेलं असतं, आणि त्याच्यापुढे चाकांऐवजी एक अजस्र ब्रेक जोडलेला असतो. तो ब्रेक आवळला की इंजिनाला वाटतं आपण भरलेला ट्रक घेऊन घाट चढतोय. बिचारं दिवसभर जागच्या जागी घाट चढतं. इंजिन बांधायच्या या जागेला आमच्यात 'बेड' म्हणतात आणि भाऊजी त्या बेडचे मेकॅनिक. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आईने त्यांना कामावर फोन केला, तर कुणीतरी सांगितलं, "ते बेडवर आहेत, आत्ता उठता येणार नाही." आई सफरचंदं घेऊन ताईकडे हजर.

माझं काम धुराचं. इंजिनातून जे बाहेर पडतं ते नळ्यांतून माझ्या कपाटांमध्ये येतं, आणि त्यात कुठला विषारी वायू किती ते ती कपाटं सांगतात. कपाटांकडे जाणाऱ्या एका नळीला फार पूर्वी कुणीतरी फाटा फोडून बाहेरच्या बोळात पितळी नळ बसवला होता. त्यातून भरपूर स्वच्छ हवा मिसळलेला पातळ धूर यायचा. तो वासाचा नळ. इंजिन तापलं की भाऊजी चष्मा खिशात ठेवायचे, नळ किंचित सोडायचे, आणि भाताचं झाकण काढून वाफ बघावी तसा तळहाताने तो वारा नाकाकडे ओढायचे. मग निकाल. निकालाचे शब्द सगळे स्वयंपाकघरातले. डिझेल नीट जळलं नसेल तर 'कच्चं'. वंगणाचं तेल जळत असेल तर 'करपलं'. थंड ठेवायचं पाणी कुठून झिरपून आत जात असेल तर 'गोड', कारण त्या पाण्यातल्या औषधाला गोडसर वास असतो. आणि सगळं ठीक असेल तर 'साफ'. हा शब्द ते जरा लांबवून म्हणायचे.

त्यांचं चुकायचं नाही असं मुळीच नाही. एकदा 'करपलं, करपलं' म्हणून त्यांनी चालू इंजिन बंद करायला लावलं, आणि शेवटी निघालं काय, तर त्यांच्याच बुटाचा तळ गरम नळीला टेकला होता. तो बूट मी वर्षभर पुरवून पुरवून वापरला, म्हणजे चिडवायला. पण एकूण त्या नाकाचा दबदबा होता. आमच्या मॅडम, म्हणजे त्या नव्या इंजिनाचं सगळं संशोधन जिच्या डोक्यातून निघालं ती बाई, कपाटांचे आकडे वाचून झाल्यावरही मान वळवून विचारायची, "नाकसाहेब, काय म्हणता?" त्या प्रश्नावर भाऊजी जगायचे. पगारावर तर सगळेच जगतात.

मग त्यांना ताप आला. साधाच, अंगदुखीचा, आठवडाभर अंथरुणात ठेवणारा. बरे होऊन कामावर आले, नळ सोडला, आणि काहीच आलं नाही. वारा आला, वास नाही. पुढचं सगळं त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, पण घडलं त्या क्रमानेच सांगते. त्यांना पहिल्यांदा वाटलं, इंजिनच इतकं सुधारलंय. वाटायला जागाही होती. मॅडमचं अख्खं संशोधन याचसाठी चाललं होतं, की कमी डिझेलमध्ये जास्त ओझं ओढलं जावं आणि धुराला धूर म्हणायची सोय राहू नये. इतक्या लोकांची मेहनत वास जाण्यासाठीच होती. वास गेला. त्यांनी आनंदाने 'साफ' म्हटलं.

घरी मात्र इंजिन नव्हतं, दूध होतं. ताई शेजारी गेली होती, भाऊजी ओट्याशेजारीच खुर्चीत पेपर वाचत होते, आणि दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं होईपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही. ताई जिन्यातूनच ओरडत आली, "अहो, नाक आहे की नुसती भोकं?" भाऊजी म्हणाले, डोळा लागला होता. त्या दुपारी ताई पातेलं घासत असताना त्यांनी एकेक डबा उघडून पाहिला. हिंग, कॉफी, मग मोरीतली फिनेलची बाटली. कशालाच काही नाही. म्हणजे इंजिन सुधारलं नव्हतं.

आता एखादा माणूस सांगून मोकळा झाला असता. यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांना सुद्धा नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "नाकसाहेबातलं नाक गेलं तर उरतं काय? साहेब तर मी कधीच नव्हतो." म्हणून झाकली मूठ ठेवली. आता त्या मुठीत काहीच नव्हतं.

झाकण्याची युक्ती अशी. त्यांनी मला शिकवायला घेतलं. "ये धाकटे, आज तू घे वास. बघू, इतकी वर्षं इथे काय शिकलीस." मी ऐटीत हात हलवून वारा ओढायची आणि म्हणायची, "थोडं कच्चं वाटतंय." ते डोळे मिटून, पुन्हा एकदा हुंगून, गंभीरपणे मान हलवायचे. "बरोबर. जमायला लागलंय तुला." मग मॅडमकडे जाऊन सांगायचे, कच्चं आहे. मी फुशारून घरी जायची. ताईला सांगितलं, भाऊजी आता गादी माझ्याकडे देणार बहुतेक. ताई म्हणाली, घे, उशीपण घे.

मी नसले की ते आसपासच्यांची तोंडं वाचायचे. कुणी नाक मुरडलं का, कुणी मागे सरकलं का. असं बरेच दिवस निभावलं, कारण इंजिन खरोखरच बरंचसं साफ होतं.

पण त्या इंजिनाची एक खोड होती. डिझेल कमी लागावं म्हणून मॅडमनी आतला जाळ फार कडक केला होता. जाळ कडक केला की काजळी कमी होते, पण दुसराच एक विषारी वायू वाढतो. त्याला मारायला धुराच्या नळीत युरियाचं पाणी फवारतात. ते नेमकं पडलं तर उत्तम. जास्त झालं तर अमोनिया होऊन बाहेर येतो, आणि अमोनियाचा वास कसा असतो हे एस.टी. स्टँडवर उभं राहिलेल्या कुणाला सांगायला नको. इंजिन बराच वेळ हळू फिरवून मग एकदम ओझं टाकलं, की आत साठलेला अमोनिया भसकन बाहेर पडायचा. कधी पडायचा, कधी नाही. मॅडम त्याच्याच मागे लागल्या होत्या.

अशात पाहुण्यांची तारीख ठरली. पाहुणे म्हणजे ज्यांच्या मालकीचे खूप ट्रक रस्त्यावर धावतात ती मंडळी. त्यांना पटलं तर आमचं इंजिन बेडवरून उठून खऱ्या ट्रकमध्ये बसणार होतं. आणि नेमकं माझ्या कपाटांपैकी अमोनिया मोजणारं कपाट बिघडून दुरुस्तीला गेलेलं. मी मॅडमना म्हटलं, ते परत येईपर्यंत थांबू या. त्या म्हणाल्या, पाहुणे पुन्हा कधी एकत्र मिळायचे? आणि भाऊजींकडे वळल्या. "नाकसाहेब, यंत्र नाहीये. तुमच्यावर भरवसा ठेवू ना? जरा जरी वास सुटला तरी तुम्हाला कळेल?"

मी तिथे होते. भाऊजींनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, "कळेल."

एवढंच. सांगायची वेळ ती होती. दार सताड उघडं होतं आणि त्यांनी ते आतून लावून घेतलं.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली. मी तेव्हा मागच्या गोदामात गॅसचे सिलिंडर बदलत होते, त्यामुळे नळावर भाऊजी एकटेच. आधी हळू, मग ओझं, सगळं जसं पाहुण्यांना दाखवायचं तसं. मॅडमनी बोळाच्या दारातून खुणेने विचारलं, काय? भाऊजींनी अंगठा वर केला. साफ.

दुपारी पाहुणे आले. चहा झाला, पडद्यावरचे आलेख दाखवून झाले, आणि मग मॅडमनी त्यांना बोळात आणलं. आत इंजिन हळू फिरत होतं. मॅडम खुशीत होत्या. एरवी मोजून बोलणारी बाई त्या दिवशी म्हणाली, "यंत्रं तर आहेतच, पण आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. आमच्या नाकसाहेबांनी साफ म्हटल्याशिवाय आम्ही कशालाच साफ म्हणत नाही." पाहुणे हसले. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, नळ सोडला आणि आत ओझं टाकायची खूण केली. इंजिनाचा आवाज खोल झाला. भाऊजींनी हात हलवला, वारा ओढला, डोळे मिटले.

मला वास तेव्हाच आला. सगळ्यांनाच आला. एक बाई होत्या, त्यांनी पदर नाकाशी धरला. मागचे दोघे मागे सरकले. मी भाऊजींकडे बघून भुवया उडवत होते, पण त्यांचे डोळे मिटलेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नंतर म्हणाले, मला वाटलं, अभिमानाने येतंय.

"साऽऽफ!" भाऊजी म्हणाले. डोळे उघडून पाहुण्यांकडे वळले. "अजिबात वास नाही. या ना, तुम्हीच बघा. लाजू नका."

पाहुण्यांतले एक वयस्कर गृहस्थ होते, अतिशय सभ्य. समोरच्याचा अपमान होऊ नये म्हणून त्यांनी हळूच विचारलं, "इथे जवळपास मुतारी आहे का हो?"

भाऊजींना वाटलं, त्यांना जायचंय. ते अदबीने पुढे झाले, हात लांब करून म्हणाले, "आहे ना. या बोळाने सरळ, मग डावीकडे. शेवटचं दार."

कुणीतरी फुसकन हसलं. मग सगळेच हसले, आवरता येईना तसे, रुमालात तोंड घालून. भाऊजीही हसले. यजमानाने हसावं तसं, काय झालं ते न कळता. तसेच हसत त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी तळहात नाकावर ठेवला होता आणि त्या भाऊजींकडे टक लावून बघत होत्या. तेव्हा भाऊजींना कळलं. त्यांचं हसू मावळताना मी पाहिलं, आणि मी मान फिरवली. इतकी वर्षं त्या माणसाची टिंगल केली, पण त्या क्षणी त्यांच्याकडे बघण्याची मला छाती झाली नाही.

मी आत जाऊन ओझं काढायला लावलं. बाहेर मॅडम पाहुण्यांना सांगत होत्या, चूक माझी आहे, यंत्र नसताना मी हे दाखवायला नको होतं. बाईने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. भाऊजी नळापाशी उभे होते. नळ बंद होता, तरी ते तो आवळत होते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मॅडमनी एकच विचारलं, "मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" त्यांनी रुमाल काढून त्याची पुन्हा घडी घातली. मॅडम म्हणाल्या, "बरं. डॉक्टरांना दाखवा." ना ओरडा, ना नोटीस. भाऊजी मला म्हणाले, "दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली." डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, कधी वास परत येतो, कधी येत नाही. यांचा आला नाही.

कामाचं नुकसान भरून निघालं. अमोनियाचं कपाट परत आलं, खोड सापडली. जाळ वाढताना फवारा आधीच आखडता घ्यायला हवा होता. मॅडमनी तो घेतला. पाहुणे पुन्हा आले, या वेळी कपाटासमोर उभे राहिले, आकडा पाहिला आणि समाधानाने गेले. इंजिन ट्रकमध्ये बसलं. त्या दिवशी भाऊजी गोदामात नटबोल्ट लावून ठेवत बसले होते. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "माझं काय काम? यंत्र आहे ना." नळाकडे कुणी गेलंच नाही. 'साफ' हा शब्द कुणी उच्चारला नाही, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

नाकसाहेब हे नावही गळून पडलं. कुणी ठरवलं नाही, पण लोक हाक मारायला आले की त्यांची जीभ अडखळायची आणि मग ते नुसतं "अहो" म्हणायचे. चिडवलं असतं तर परवडलं असतं. मीसुद्धा बुटाची गोष्ट काढणं सोडून दिलं. माणसाला आपण चिडवेनासे झालो, की त्याला किती एकटं पाडतो ते मला तेव्हा कळत नव्हतं.

आणि मग घरी वेगळंच सुरू झालं. भाऊजी दिवसातून तीन-तीनदा आंघोळ करायला लागले. कामावरून आले की आधी मोरीत. जेवायच्या आधी पुन्हा. ताई दारावर थापा मारायची, "अहो, साल निघेल अंगाची!" कॅन्टीनमध्ये ते खिडकीजवळच्या टोकाला एकटे बसायला लागले. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की हे बाहेर. ताईच्या मैत्रिणी आल्या तर हे जिन्यात जाऊन उभे. मला वाटलं, त्या दिवसाची लाज अजून जात नाहीये. ती होतीच. पण एवढीच नव्हती.

एका रविवारी मी ताईकडे गेले. ताई बाजारात गेली होती. भाऊजी सकाळी बेडवर काहीतरी दुरुस्तीला जाऊन नुकतेच परतले होते, आणि मला बघून भिंतीला पाठ लावून उभे राहिले, मध्ये खोलीभर अंतर ठेवून. मी म्हटलं, "काय हो, मला काय रोग झालाय?" ते मग खाली बघत, शाळेतल्या पोरासारखं म्हणाले, "धाकटे, एक विचारू? माझा वास येतो का गं?"

मी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसले.

"मला कळत नाही ना," ते म्हणाले. "इतकी वर्षं इंजिनाचा वास सांगितला सगळ्यांना. आता स्वतःचा कळत नाही. लोक समोर उभे असतात, बोलतात, हसतात. मला वाटतं, येत असेल आणि सभ्यपणे बोलत नसतील. त्या दिवशी मुतारी विचारली ना, तसं. तुझ्या ताईला विचारतो तर ती म्हणते नाही येत. ती नाहीच म्हणणार. तू तोंडावर बोलतेस म्हणून तुला विचारतोय. खरं सांग. माझ्यासारखं साफ म्हणू नकोस."

'नाही हो भाऊजी' हे शब्द अगदी जिभेवर होते. पण मग मी उठले, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तळहाताने वारा ओढला, त्यांनीच शिकवलं होतं तसा. मानेपाशी, मग बाह्यांपाशी. ते डोळे मिटून, ताठ, निकालाची वाट बघत उभे.

"बाह्या कच्च्या," मी म्हटलं. "डिझेल सांडलंय. कॉलर जराशी करपलेली. बाकी सगळा साबण, नको इतका."

त्यांनी डोळे उघडले. "आणि गोड?"

"गोड कुठेच नाही. ते लग्नातही नव्हतं."

ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला, तेव्हा ते मोरीकडे वळले. आतून शर्ट बादलीत टाकल्याचा आवाज आला. मग नळाचा. नळ चालू असतानाच त्यांनी विचारलं, "रोज सांगशील?"

सांगेन म्हटलं. आणि सांगते. बोळात, त्या जुन्या पितळी नळाशेजारी, सकाळी आणि निघताना. येणारे-जाणारे बघतात, बघू देत. कच्चं असेल तर कच्चं म्हणते. बहुतेक वेळा साफच असतं आणि मी तसंच सांगते, त्यांच्यासारखं लांबवून.

ते मान खाली घालून विचारतात, "खरं ना?"

मी पुन्हा एकदा म्हणते. तो शब्द आता आमच्याकडे दोनदा म्हणावा लागतो.